उभेकाकांची गाळलेली ओळ

चहा ते उभ्यानं प्यायचे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, कप संपेस्तोवर.

कुणाच्या घरी गेले की आधी खुर्ची उलटी करून तिची खालची बाजू बघायचे. मग तीच खुर्ची पुढे करून कुणी बसा म्हटलं, तर ‘निघतोच आहे’ म्हणायचे आणि तासभर निघायचे नाहीत.

कात्री शोधायचे. ती त्यांच्याच कॉलरला मागे अडकवलेली असायची.

वेताची पट्टी भिजली की नाही, हे ओठांत धरून बघायचे.

रस्त्यात कुणी विचारपूस केली, तर चालता चालताच उत्तर द्यायचे. उत्तराचा शेवट कुणाच्याच वाट्याला यायचा नाही.

दाराला कडी लावली की चार पावलं जायचे, परत येऊन ओढून बघायचे. पुन्हा जायचे. पुन्हा यायचे.

चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांच्या सुरात सूर मिसळायचे, आणि एक ओळ गाळायचे.

ही शेवटची सवय फक्त मला माहीत होती. मी शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायचे. त्यांचा खर्जातला आवाज थेट माझ्या कानाशी यायचा. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही देवाच्या इच्छेची ओळ आली की तो थांबायचा. पुढे रोजच्या भाकरीपाशी पुन्हा सुरू व्हायचा. आधी मला वाटलं, दम लागत असेल. मग वाटलं, विसरत असतील. पण माणूस दर रविवारी एकाच जागी विसरत नाही.

ते वेताच्या खुर्च्यांची जाळी विणायचे. चाळीस वर्षं एवढंच काम. सगळी गल्ली त्यांना उभेकाका म्हणायची. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीसमोर कायम खुर्च्यांचा ढीग. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. मधल्या चौकटीला दार नव्हतंच. चौकटीत एक बुटका स्टूल, आणि त्या स्टुलावर काकू.

माझी ओळख खुर्च्यांमुळेच झाली. साहित्याची पदवी घेऊन मी वाचनालयात नोकरीला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांनी वाचनकक्षातल्या फाटक्या खुर्च्या माझ्या गळ्यात मारल्या. मी हातगाडीवर चार खुर्च्या घालून दुकानात गेले. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आला बघा, पुस्तकातला किडा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “अंगावर मांस नाही, आणि म्हणे खुर्च्या फाटल्या.”

त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे. लग्नाच्या फोटोत यांना बसवायला तिघं लागले, दोन खांदे धरायला आणि एक पाय, असं त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. काका ऐकत आणि येरझाऱ्या घालत. मला त्या दोघांजवळ बरं वाटायचं. काम संपलं तरी मी जात राहिले.

जाळीच्या सहा फेऱ्या असतात. मी बघून बघून शिकले, हातानं नाही, डोळ्यांनी. पहिली फेरी उभी. दुसरी आडवी. तिसरी पुन्हा उभी. चौथी आडवी, पण ही एका पट्टीखालून, एका पट्टीवरून. पाचवी तिरकी. सहावी उलट्या बाजूनं तिरकी. सहावी सगळ्यांना बांधून ठेवते. पाच फेऱ्यांची खुर्ची दिसायला खुर्चीच असते. “पण बसू नकोस,” काका म्हणायचे. “जाळी बसेल, तू नाही बसणार.”

आणखी एक गोष्ट होती. ओला वेत सैल वाटतो. वाळला की आपोआप ताणला जातो. विणताना आपणच ताणला, तर वाळल्यावर तुटतो. काकांचा हात मुळातच ओढून धरणारा. हे काकूंना माहीत. त्या स्टुलावर बसून वेताच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या कापायच्या, आणि मान वर न करता दिवसातून वीस वेळा म्हणायच्या, “सैल सोडा हो.”

मग काकूंना झटका आला.

सकाळी चहा ठेवता ठेवता त्या ओट्याला धरून खाली बसल्या. दवाखान्यातून महिन्यानं घरी आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा होता. आणि बोलणं गेलं होतं. सगळं गेलं असतं तर कदाचित सोसलं असतं. दोन शब्द राहिले होते. “हो ना.”

दुखतंय का? हो ना. नाही ना दुखत? हो ना. पाणी देऊ? हो ना. पाणी पुढे केलं की तोंड फिरवायच्या, डाव्या हातानं काहीतरी दाखवायच्या, आणि चिडून म्हणायच्या, हो ना. चीड होती, थट्टा होती, विनवणी होती. सगळ्याला शब्द तेच. आयुष्यभर कुणाला सहजासहजी हो न म्हटलेली बाई.

एकदा मी काही गंमत सांगितली. काकू हसल्या, माझ्याकडे बोट करून काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, “हो ना.” त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं. हसणं थांबलं. काका उठून, म्हणजे उभेच होते, बाहेर गेले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. पुन्हा गेले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मला ती गाळलेली ओळ ऐकू आली. ऐकू आली नाही, असं म्हणायला हवं.

चर्चची मंडळी चांगली होती. घरी येऊन धीर द्यायची. पाळकसाहेब दर आठवड्याला यायचे, काकूंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, काकांना फारसा उपदेश करायचे नाहीत. पण एक गृहस्थ म्हणाले, देवाच्या इच्छेपुढे मान तुकवावी. काका म्हणाले, “दिवसभर तुकवलेलीच असते. खुर्ची विणताना.” गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

मी काही विचारलं नव्हतं. एका दुपारी त्यांनीच विषय काढला. ते वेत भिजवत होते, पाठ माझ्याकडे.

“तुला कळलंय,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“बाकी सगळं म्हणतो मी. भाकरी माग म्हटलं, मागतो. माफी माग म्हटलं, तीही मागतो. एवढी एक सही राहिलीय.”

“कशावर?”

“कोऱ्या कागदावर. मी नाही करणार. तिचा आवाज आधी दे म्हणावं, मग हवी तिथे सही घे. मनात नाही ते म्हणायचं, म्हणजे त्याच्या तोंडावर खोटं बोलायचं. त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट?”

मला ते प्रामाणिक वाटले. अजूनही वाटतात.

त्याच दिवसांत वाचनालयात आवाज सुरू झाले. वाचनकक्ष शांत असतो. पान उलटलं तरी कळतं. तिथे एका सकाळी आवाज आला, टक. पेन्सिल मोडल्यासारखा. थोड्या वेळानं दुसऱ्या टेबलाजवळ, टक. लोक मान वर करून इकडेतिकडे बघू लागले. एक आजोबा दचकून उठले आणि त्यांनी खुर्ची उलटी केली. जाळीतली पट्टी तुटली होती. आठवडाभर हेच चाललं. मागच्या चार महिन्यांत काकांनी विणून दिलेली प्रत्येक खुर्ची, एकेक पट्टी करत, तुटत होती.

मी दुकानात गेले. कसं सांगावं कळत नव्हतं. मी एकच खुर्ची नेली आणि उलटी करून ठेवली. काकांनी तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं. फार वेळ फिरवलं. काकू स्टुलावर होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. वीस वेळा ऐकलेलं वाक्य.

“हो ना,” काकू म्हणाल्या.

काकांनी खुर्ची भिंतीशी लावली. सगळ्या परत आण म्हणाले. सगळ्या उसवून नव्यानं विणीन.

दवाखान्यातली बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा घरी यायची. तिनं एक दिवस सांगितलं की रोजचं बोलणं मेंदूत एका जागी असतं, आणि लहानपणापासून पाठ असलेलं दुसऱ्या जागी. गाणं, पाढे, प्रार्थना. ती जागा कदाचित शाबूत असेल. एकट्यानं नाही जमणार, कुणीतरी बरोबर म्हणायला हवं. तुम्ही सुरू करा, त्या मागून येतात का बघा.

काकांनी पाढे केले. जमलं नाही. काकूंना पाढे कधीच येत नव्हते. मग एका संध्याकाळी त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली.

त्या संध्याकाळी मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले. ते कधी आत येत नसत. कामासाठी आले तरी पायरीवरच. आज सरळ वाचनकक्षात आले, आणि टेबलांमधून चालत राहिले. मी त्यांना कपाटांच्या मागे नेलं. तिथेही ते या कपाटापासून त्या कपाटापर्यंत.

“बोलली,” ते म्हणाले. “शब्द. खरे शब्द. अकरा महिन्यांनी.”

मला रडू आलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

“अडकते,” ते म्हणाले. “सुरुवात माझ्याबरोबर करते, नीट, आणि मधेच अडकते. पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा तिथेच. माझ्या तोंडाकडे बघत राहते. मग मी पुढची ओळ सुरू करतो, तर येत नाही. गप्प. सगळं संपतं.”

कुठे अडकतात हे मला विचारावं लागलं नाही.

मी बोलावं की नाही? ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. पण ते माझ्यासमोर थांबले होते. चक्क थांबले होते.

“काका,” मी म्हणाले, “त्या अडकत नाहीत. तुम्ही थांबता, म्हणून त्या थांबतात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातली टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले.

तीन दिवस मी दुकानाकडे फिरकले नाही. त्यांना राग आला असणार. मला स्वतःचाही आला होता. एवढा साधा तिढा, आणि तो मी एका वाक्यात त्यांच्या पुढ्यात टाकला. त्यांना तिचा आवाज हवा होता. तो मिळाल्याशिवाय ओळ म्हणायची नव्हती. आणि ओळ म्हटल्याशिवाय आवाज पुढे सरकत नव्हता. तो काही खोडसाळपणा करत असेल, असं मला त्या तीन दिवसांत वाटलं. तो म्हणजे कोण, हे लिहायची गरज नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकांचा निरोप आला. ये, म्हणून.

मी गेले तेव्हा खुर्च्या भिंतीला रचून ठेवलेल्या होत्या. मधली जागा मोकळी, स्टूल तिथे आणलेला. काकू स्टुलावर. काका त्यांच्या भोवती फिरत होते, खिडकीपाशी जायचे, वेताच्या बादलीत बोट बुडवायचे, परत यायचे. कात्री शोधली. मी त्यांच्या कॉलरकडे बोट केलं. त्यांनी ती काढली आणि पुन्हा तिथेच अडकवली.

“खोटं ठरलं तर?” ते मला म्हणाले. “मनात नाही माझ्या. तीन दिवस शोधतोय.”

मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

मग त्यांनी वेताचं रिकामं खोकं ओढलं, काकूंसमोर ठेवलं, आणि त्यावर बसले.

मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. गुडघे फार वर आले होते. हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. काकूंनी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, उडी मारून पळणाऱ्याला धरावं तसा.

त्यांनी सुरुवात केली. काकू मागून आल्या. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ. नावाची ओळ. राज्याची ओळ. मग ती ओळ. काका थांबले. काकू थांबल्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गल्लीतून सायकल गेली. काकांचा गुडघा काकूंच्या हाताखाली थडथडत होता.

मग त्यांनी ती ओळ म्हटली. हलक्या आवाजात, एकेक शब्द पाण्यातून काढावा तशी. काकूंनी ती त्यांच्या तोंडून घेतली आणि म्हटली. आणि थांबल्याच नाहीत. भाकरी, माफी, सगळं, एका दमात, शेवटी तर काकांच्या पुढे. आमेन त्यांनी एकट्यानंच म्हटलं.

आम्ही वाट बघत राहिलो. दोघांनाही वाटलं होतं, आता बोलतील.

“चहा ठेवू?” काकांनी विचारलं.

“हो ना,” काकू म्हणाल्या.

काका हसायला लागले. इतके हसले की खोक्यावरून उठावं लागलं. डोळे पुसत खिडकीपाशी गेले, तिथून दारापाशी. मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत, पण शांतही झाले नाहीत. चहा उकळून सांडला. आम्ही उरला तो प्यायलो.

त्यानंतर काकू आणखी काही बोलल्या नाहीत. शेवटपर्यंत प्रार्थना आणि हो ना. पण प्रार्थना रोज, काका रोज त्या खोक्यावर बसत, तेवढ्यापुरतं. मी एकदा विचारलं, आता मनात आहे का?

“अर्धं असतं,” ते म्हणाले. “कधी पाव. काल म्हटलेलं आज चालत नाही, पोरी. सकाळी उठलो की पुन्हा नाहीच म्हणावंसं वाटतं. संध्याकाळी पुन्हा बसायचं, पुन्हा म्हणायचं. सही एकदा करून भागत असतं तर बरं झालं असतं.”

रविवारी माझ्या कानाशी आता सगळ्या ओळी येत. त्या ओळीला आवाज थोडा लंगडायचा. पण यायचा.

वाचनालयाच्या खुर्च्या त्यांनी सगळ्या उसवून पुन्हा विणल्या. विणताना स्वतःच पुटपुटायचे, सैल सोड, सैल सोड. एकही तुटली नाही. मग त्यांनी एक नवी चौकट आणली. काकूंसाठी. उजवा हात टेकवायला त्या बाजूचा दांडा रुंद, पाठ उंच, म्हणजे स्टुलावरून घसरायची भीती नको. एवढ्या वर्षांत घरात स्वतःची अशी एकही वेताची खुर्ची नव्हती. काकूंना सांगितलं, आठवड्यात बसशील. काकूंनी तोंड वाकडं करून हो ना म्हटलं. म्हणजे, बघू.

काकांना जाऊन आज चोवीस दिवस झाले.

सकाळी गेले. कप हातात होता. खिडकीपासून दाराकडे निघाले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. काळजी सगळे काकूंची करत होते. मीही. त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ते एका जागी थांबले असते तर पाहिलं असतं.

दफनाला पूर्ण मंडळी आली. काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांची धाकटी बहीण खुर्ची ढकलत होती, मी शेजारी होते. पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. मला काकूंची भीती वाटत होती. आता कोण त्यांच्याकडे तोंड करून म्हणणार? त्या ओळीला त्या थांबतील, आणि सगळे पुढे निघून जातील.

काकू थांबल्या नाहीत. कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मातीकडे बघत, सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे, त्यांनी ती ओळ म्हटली. स्पष्ट.

थांबले ती मी.

तेव्हापासून मी ती म्हटलेली नाही. रविवारी जाते, शेवटच्या बाकावर बसते, मागची भिंत रिकामी असते. ओळ येते, मी गप्प राहते, भाकरीपाशी सुरू करते. हे कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी दुकानात जाते. बहीण प्रार्थना सुरू करते, काकू म्हणतात, मी मधल्या चौकटीत उभी असते. बहीण मला बस म्हणते. मी निघतेच आहे म्हणते.

परवा बहिणीनं काकूंसाठीची ती अर्धी राहिलेली खुर्ची दुसऱ्या कारागिराकडे द्यायची का विचारलं. पुरी करून आणू, तुलाच बसायला होईल. काकू म्हणाल्या, हो ना. आणि डाव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. बहिणीनं सोडवायचा प्रयत्न केला. सुटला नाही. खुर्ची राहिली.

ती खिडकीखाली आहे. बादलीतला भिजलेला वेत काळा पडायला लागला होता, म्हणून मी तो काढून दोरीवर वाळत घातला. पाच फेऱ्या झाल्या आहेत. सहावीच्या तीन पट्ट्या पुऱ्या आहेत, एका कोपऱ्यातून. चौथी मध्यापर्यंत आली आहे. टोक पुढच्या पट्टीखालून जायला वळवलेलं आहे. वळवताना ओढलेलं नाही. सैल आहे.